थांब्यावर कोणीच नव्हतं

१

त्या दिवशी सकाळी मी रिकामी बस घेऊन कंपनीच्या फाटकातून आत आलो, तेव्हा आवारात सगळे माझीच वाट बघत उभे होते. कुणीतरी टाळ्या वाजवायला हात वरही केले होते. बसचं दार उघडलं, मी एकटाच उतरलो आणि ते हात तसेच खाली गेले.

"पोरं कुठायत?" टायवाल्या साहेबांनी विचारलं. प्रवेशाचं सगळं काम त्यांच्याकडे. कितीही उकडत असलं तरी गळ्यातला टाय काढायचे नाहीत, म्हणून हे नाव.

"थांब्यावर कोणीच नव्हतं, साहेब. खूप वेळ थांबलो. हॉर्न वाजवले. एक माणूस आला नाही."

आमची कंपनी लिफ्ट बनवते, आणि कारखान्याला लागूनच तिची प्रशिक्षण शाळा आहे. दोन वर्षं शिकायचं, राहणं-जेवण कंपनीचं, शिकून झालं की नोकरी. तिथे जागा मिळावी म्हणून अख्खं शहर धडपडतं. आमच्या मालकीणबाईंनी त्या वर्षी ठरवलं की काही जागा दगडखाणीच्या वसाहतीतल्या पोरांसाठी ठेवायच्या. तिथली शाळा आठवीला संपते, तिथे एसटी नाही की रिक्षा नाही, पोरगं जरा मोठं झालं की हातात घण येतो. लेखी परीक्षा ती पोरं पास झाली होती. आज प्रात्यक्षिक होतं. त्यांना आणायला कंपनीनं बस पाठवली, आणि बसवर ड्रायव्हर होतो मी, नोकरीला लागून जेमतेम पंधरवडा झालेला.

"नसतीलच आले," टायवाले म्हणाले. चेहरा पडलेला दाखवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही. "मी आधीच सांगत होतो. संधी देऊन उपयोग नसतो, ती घ्यायची इच्छा लागते."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी स्पीकर लावला आणि एका मुलीचा धापा टाकणारा आवाज आला.

"साहेब, मी खाणीवरून बोलतेय. इथे खाली रेंज नाही, टेकडी चढून आले. बस कधी येणार? आम्ही उजाडल्यापासून थांब्यावर उभे आहोत. सगळेच्या सगळे!"

आवारातल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"बस येऊन गेली," टायवाले फोनमध्ये म्हणाले. "तुम्ही नव्हता."

"कशी नव्हतो? टाकीखालच्या थांब्यावरच आहोत! एक सायकलसुद्धा गेली नाही इथून—" आणि आवाज तुटला.

आमच्या गाड्यांचा सगळा कारभार गाडीसाहेब बघतात. त्यांनी माझा दंडच धरला. "खरं सांग. कुठल्या टपरीवर चहा ढोसत बसला होतास?"

"आईशप्पथ, साहेब! टाकीखालच्याच थांब्यावर होतो!"

मागून मोटरसायकल येऊन थांबली. उस्तादांनी हेल्मेट काढलं. ते शाळेचे मुख्य शिक्षक. कंपनीतला निम्मा कारखाना त्यांच्या हाताखाली शिकलेला. प्रकार काय झालाय हे त्यांनी विचारून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, त्याला कशाला फैलावर घेताय? त्या बिनछपराच्या थांब्यावर उन्हात ताटकळून आलाय बिचारा. आधी पाणी द्या त्याला. मलाही आजच घरच्या गडबडीत उशीर व्हायचा होता."

मला रडूच आलं असतं. इतक्या माणसांत एकानं तरी माझी बाजू घेतली होती.

बसच्या मागच्या चाकापाशी कोणीतरी वाकलेलं होतं. त्या चौकशीबाई. कुठे लिफ्ट अडकली, कुठे दोर तुटला की त्यामागचं कारण शोधायचं, हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, बुटक्या, केस कानापर्यंत कापलेले. त्यांनी मडगार्डवरून बोट फिरवलं आणि ते वर धरून बघितलं.

"तांबडी धूळ," त्या म्हणाल्या. "खाणीच्या रस्त्यावरची धूळ पांढरी असते. पिठासारखी. ही बस खाणीवर गेलेलीच नाही."

२

गाडीसाहेबांनी तिथल्या तिथे माझ्याकडून किल्ली काढून घेतली. पण चौकशीबाईंनी ती त्यांच्या हातातून उचलली आणि मला घेऊन सरळ मालकीणबाईंच्या खोलीत गेल्या.

"मला तो थांबा सांग," त्यांनी मला विचारलं. "जे दिसलं ते. आठवून सांगू नकोस, बघून सांग. डोळे मीट."

मी डोळे मिटले. "सिमेंटची उंच टाकी. खाली नळ. मी नळ सोडला, पाणी आलं नाही, नुसती फुसफुस झाली. समोर एकसारखी घरं, दोन रांगा. दारं बंद. म्हटलं, सगळे कामावर गेले असतील."

"कुत्रं? कोंबडी? वाळत घातलेले कपडे?"

मी डोळे उघडले. "काहीच नव्हतं, बाई."

"हा खोटं बोलत नाही," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. "खोटं बोलणारा माणूस नळाला पाणी आणतो. आणि ती मुलगीही खोटं बोलत नाही. हा कुठल्यातरी टाकीखाली उभा होता आणि ती दुसऱ्या टाकीखाली. मला ही बस हवी, आणि हा ड्रायव्हर हवा."

मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "नियम माझाच आहे, मला तो मोडता येत नाही. संध्याकाळी बाकं उठायच्या आत जो हजर नाही, त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या मुलांना. ती मुलं दुपारी येऊन बसतील. त्याआधी आणा त्यांना. आणि असं का झालं तेही आणा. नाहीतर उद्या सगळे म्हणतील, गरिबांच्या पोरांना गाडी पाठवली तरी ती येत नाहीत. पुढच्या वर्षी ही योजना उभी करायला मला तोंड राहणार नाही."

निघण्यापूर्वी चौकशीबाईंनी दोघांना गाठलं. आधी गाडीसाहेब.

"खाणीची वाट ठाऊक असलेले जुने ड्रायव्हरकाका आहेत की तुमच्याकडे. या नव्या माणसाला का पाठवलंत?"

"काकाच जाणार होते. पण काल ऐन वेळी परीक्षेचं सामान दुसऱ्या गोदामातून आणायचं निघालं. नाजूक माल, जुनाच हात पाहिजे म्हणाले शाळेवाले. मग याला दिली बस. वाट सोपी आहे हो! हमरस्त्यानं जायचं, फाट्यावर बाण दिसेल तिकडे वळायचं, टाकीखाली थांबायचं. लहान मूलही चुकणार नाही."

मग टायवाले. ते प्रतीक्षेतल्या मुलांना फोन लावत बसले होते. इतक्या झपाट्यानं काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला आनंद झालेला दिसतोय," बाई म्हणाल्या.

"लपवत नाही मी. गुणांनी वर असलेली मुलं बाहेर बसतात आणि खाणीवरची आत येतात, हे मला पटत नाही. मीटिंगमध्येही बोललो होतो. पण बाई, मी आयुष्यात त्या रस्त्यानं गेलो नाही. मला बसमध्ये उलटी होते."

बसमध्ये बसताना मी विचारलं, "बाई, यांनीच केलं असेल ना?"

"जो उघड विरोध करतो त्याला चोरून करायची गरज कमी असते. चालव तू."

आणि मी ती बस अशी पळवली की माझ्या आईनं बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. हमरस्ता संपला, उतार आला, मग तो फाटा दिसला. फाट्यावर लोखंडी खांब आणि त्यावर बाणाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी रंगवलेली पाटी: 'वसाहत'.

मी करकचून ब्रेक दाबला. बाई पुढच्या दांडीवर आपटता आपटता वाचल्या.

"काय झालं?"

मी नुसतं बोट दाखवलं. सकाळी तो बाण डावीकडे होता. मी डावीकडेच वळलो होतो, शंभर टक्के.

आता तो उजवीकडे होता.

३

"आधी डावीकडे," बाई म्हणाल्या.

रस्ता तांबडा, खडबडीत. टेकडीला वळसा घातला आणि टाकी दिसली. माझीच टाकी! घरांच्या दोन रांगा, तोच कोरडा नळ, थांब्याची दोन खांबांमधली फळी. वर बघितलं तर छपराच्या जागी नुसत्या गंजक्या दांड्या. आता नीट बघताना दिसलं, निम्म्या घरांना कौलं नव्हती आणि एका दारातून झाड बाहेर आलं होतं. सकाळी मी नळापुरता उतरलो होतो, बाकी सगळा वेळ ड्रायव्हरच्या सीटवर बसून फक्त रस्त्याकडे डोळे लावले होते.

"जुनी खाण," बाई म्हणाल्या. "दगड संपला, माणसं हलवली. ज्या ठेकेदारानं ही वसाहत बांधली त्यानंच नवी बांधली, त्याच आराखड्यावर. म्हणून टाकी तीच आणि रांगा त्याच."

धुळीत बसच्या चाकांचे ठसे ताजे होते. आलेले, वळलेले, गेलेले. मी त्या ठशांपाशी उकिडवा बसलो आणि वेड्यासारखा हसायला लागलो. मी खोटा नव्हतो! जमिनीवर लिहून ठेवलेलं होतं!

"हसून झालं असेल तर ऊठ," बाई म्हणाल्या, पण त्यांचेही डोळे चमकत होते. "पाटी आपोआप फिरत नाही."

फाट्यावर परत आलो. मी बस खांबाला चिकटवून उभी केली, बाई चाकावर पाय देऊन वर चढल्या आणि पाटीच्या मागे डोकं घातलं.

"खांब गंजलेला. पाटी गंजलेली. बोल्ट कसे आहेत, बघ."

मी मान उंच केली. बोल्ट चकाकत होते.

"जुने बोल्ट फिरवताना तुटले असणार. मग त्यानं स्वतःच्या पिशवीतले नवे घातले. सकाळी पाटी डावीकडे केली, तुझी बस रिकामी परत गेली आणि त्यानं ती पुन्हा होती तशी केली. कुणी बघायला आलं तर सगळं जागच्या जागी." त्यांनी नटांवरून अंगठा फिरवला आणि एकदम थबकल्या. "एका बोल्टला दोन नट. एकावर एक, उलट कसलेले."

"म्हणजे?"

"रस्त्याची पाटी लावणारा एक नट लावतो आणि घरी जातो. तो ढिला झाला तर पाटी लोंबकळते, कोणी मरत नाही. दोन नट कोण लावतं? ज्याच्या कामात एक नट सुटला तर आत उभी असलेली माणसं खाली जातात तो." त्या खाली उतरल्या, हात झटकले. त्यांचा आवाज बदलला होता. "वाईट काम करतानाही त्याचा हात चांगलंच काम करून गेला. हा आपल्यापैकी कोणीतरी आहे. लिफ्टवाला."

४

उजवीकडे वळताच रस्ता पांढरा झाला. बसच्या मागे पिठाचा लोट उठला. टाकी दिसली, तशीच, पण खाली बादल्यांची रांग होती, कोंबड्या होत्या, दोऱ्यांवर कपडे होते. थांब्यावर निळं पत्र्याचं छप्पर, आणि त्याच्या सावलीत धुतलेल्या कपड्यांतली पोरं-पोरी उभी होती.

बस दिसली आणि असा काही ओरडा झाला की कोंबड्या उडाल्या.

सगळ्यांच्या पुढे एक उंच मुलगी आली. बाकीची तिला ताई म्हणत होती. फोनवरचा आवाज तिचाच. पण ती ओरडत नव्हती. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आता आलात होय, दादा?"

"भांडण बसमध्ये करा," बाई म्हणाल्या. "चढा!"

पण चढून निघणार कसे? माझ्या मागोमाग एक दगडाचा ट्रक येऊन रस्त्यात आडवा थांबला होता. ट्रकमधून मुकादम उतरला, बॉनेट उघडून बंद केलं आणि खिशात हात घालून उभा राहिला.

"बंद पडला," तो म्हणाला. "बॅटरी गेली. आता उद्या मेकॅनिक येईल."

"पोरांनी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं," बाई सरळच म्हणाल्या.

"माझ्या वाटण्याचं काय आहे? चांगले हात सगळे तुम्ही नेणार, मग खाणीत कोण उतरणार, तुमचे साहेब? कालही यांना सांगितलं, नका जाऊ, परत पाठवतील. पण मी तुमची बस अडवली नाही. सकाळपासून बस आलीच नाही तर अडवू कशाला?"

"फाट्यावरची पाटी?"

"कसली पाटी?" तो खरोखर गोंधळला. बाईंनी त्याच्या मागे बघितलं. खाणीच्या फाटकावर धोक्याच्या पाट्या होत्या आणि एकूण एक पाटी तारेनं गुंडाळून बांधलेली होती. नट-बोल्टचा मागमूस नव्हता.

तेवढ्यात ट्रकचं इंजिन घरघरलं. ताईनं बॉनेट उघडलं होतं, बॅटरीची काढून ठेवलेली वायर जागेवर बसवली होती आणि तिचा धाकटा भाऊ स्टिअरिंगवर बसून दात काढत होता.

"बॅटरी चांगली आहे, मुकादमकाका," ताई हात पुसत म्हणाली. "वायर कोणीतरी काढली होती. सांभाळा हं, चोर फार झालेत."

मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण बघायला वेळ कुणाला होता! ट्रक बाजूला झाला, पोरं बसमध्ये कोंबली गेली आणि मी गिअर टाकला.

ताई माझ्या मागच्या सीटवर बसली. बाईंनी तिला विचारलं, "वायरिंग कुठे शिकलीस?"

"उस्तादांकडे! दर रविवारी यायचे मोटरसायकलवरून. पैसा नाही, काही नाही. म्हणायचे, तुमच्यात आहे ते शहरातल्या पोरांत नाही. सर्किट शिकवलं, वेल्डिंग शिकवलं. ते थांब्याचं छप्पर बघितलंत ना? मागच्या वर्षी उस्तादांनी आमच्याकडूनच जोडून घेतलं. आमचं पहिलं काम. अजून एक थेंब गळत नाही."

आरशात मला बाईंचा चेहरा दिसला. कुणीतरी आतून दिवा काढून घ्यावा तसा तो झाला होता.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. जोरात चालव," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, माझ्यापुरतंच: "आणि सकाळी आवारात कोण काय बोललं, ते एकदा आठव."

मी आठवत राहिलो. फाटा मागे पडला, हमरस्ता आला, आणि मग मला ते आठवलं.

५

आम्ही कार्यशाळेत शिरलो तेव्हा प्रतीक्षेतली मुलं बाकांवर बसून झाली होती. प्रत्येकापुढे लिफ्टच्या वायरिंगचं एक पॅनल, प्रत्येकात मुद्दाम केलेला एक बिघाड. तो शोधायचा आणि दुरुस्त करायचा, बरोबर झालं की हिरवा दिवा लागतो. उस्ताद हातात शिट्टी घेऊन उभे होते.

दारात खाणीवरची पोरं बघून ती शिट्टी त्यांच्या ओठांपर्यंत गेलीच नाही.

"उस्ताद!" ताई ओरडली आणि पोरं त्यांच्याकडे धावली. एकानं तर त्यांचा हातच धरला. उस्तादांनी तो हात सोडवून घेतला नाही, आणि पकडलाही नाही.

"परीक्षा थांबवा," चौकशीबाई म्हणाल्या. मालकीणबाई, टायवाले, गाडीसाहेब, सगळे जमले. बाईंनी फाट्यापासून सांगायला सुरुवात केली: फिरवलेला बाण, ओसाड वसाहत, चकाकणारे बोल्ट, दोन नट.

"म्हणजे आपला फिटर," गाडीसाहेब म्हणाले. "पण फिटर शेकडो आहेत!"

"आहेत. पण तो असा हवा ज्याला खाणीची वाट पाठ आहे. ज्याला ठाऊक होतं की वाट माहीत असलेले काका आज बसवर नाहीत. काकांना गोदामात कोणी पाठवलं, गाडीसाहेब?"

"म्हटलं ना, शाळेवाल्यांनी... म्हणजे..." ते अडखळले.

"आणि जो आज सकाळी बसच्या मागोमाग इथे पोचला. परीक्षेच्या दिवशी, जेव्हा तो सगळ्यांच्या आधी यायला हवा." बाई जरा थांबल्या. त्यांना पुढचं बोलायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "तरीही मी ते योगायोग समजले असते. पण सकाळी आवारात या ड्रायव्हरनं फक्त 'टाकीखालचा थांबा' एवढंच सांगितलं होतं. बस जुन्या वसाहतीत गेली हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. आणि एक माणूस म्हणाला, त्या बिनछपराच्या थांब्यावर ताटकळून आलाय बिचारा. नव्या थांब्याला छप्पर आहे. ज्यानं ते स्वतः उभं राहून जोडून घेतलं, तो हे विसरेल का?"

ताईनं उस्तादांकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा उस्तादांकडे.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. "उस्ताद, सांगा ना यांना!"

उस्तादांनी शिट्टी बाकावर ठेवली.

"खरं आहे," ते म्हणाले.

"पण का?" मालकीणबाईंचा आवाज फुटला. "त्यांना तयार तुम्हीच केलंत!"

"म्हणूनच. ती किती तयार आहेत हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?" त्यांचे डोळे बाकांकडे गेले. पहिल्या बाकावर एक सडपातळ मुलगा बसला होता, हातात स्क्रूड्रायव्हर. उस्तादांचा मुलगा. प्रतीक्षेत पहिला. "तो थोडक्यात हुकला. रोज रात्री जेवताना माझ्यासमोर बसायचा, काही बोलायचा नाही. दुसऱ्यांची पोरं शिकवली आणि माझंच राहिलं. वाटलं, यांना पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. यांना सवय आहे थांबायची."

हे शेवटचं वाक्य बोलल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता.

"बाबा, मी मागितलं होतं का तुमच्याकडे?"

उस्तादांनी बाकावरच्या शिट्टीकडे बघितलं.

"बोला ना. मागितलं होतं?"

"नाही रे."

तो बाकाच्या बाहेर आला, ताईसमोर उभा राहिला आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला, मूठ तिच्याकडे करून. "पॅनलला मी हात लावलेला नाही. तुमचा बाक आहे हा."

६

ताईनं स्क्रूड्रायव्हर घेतला, पण बसली नाही. मला वाटलं, आता ही रडणार, आणि रडली तर बाकीची सगळी कोसळणार.

"मला पाणी द्या," ती म्हणाली. गटागट प्यायली. मग मागे वळून आपल्या पोरांवर ओरडली, "बघताय काय? बसा! त्यांनी शिकवलेलं खोटं नव्हतं. तेवढं वापरा!"

बाकीच्या प्रतीक्षेतल्या मुलांनीही बाक सोडले. शिट्टी चौकशीबाईंनी वाजवली.

काचेबाहेरून मी बघत होतो, आणि माझ्या शेजारी, टाय सैल करून, टायवाले. पोरं पॅनलवर अशी वाकली की नुसते केस दिसत होते. बाहेर ऊन उतरायला लागलं. मग एका पॅनलवर हिरवा दिवा लागला. मग दुसऱ्या. कोपऱ्यातला एक अडला, त्या मुलानं डोकं धरलं, सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून वायर मोजायला घेतली. "डावीकडची, डावीकडची," टायवाले पुटपुटत होते. तो हिरवा झाला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना मिठीच मारली आणि मग लगेच दूर झालो.

दोघांचे दिवे लागलेच नाहीत, तेही सांगायला हवं. बाकी सगळ्यांना जागा मिळाली. ताई पहिली.

मालकीणबाई अभिनंदन करायला गेल्या तेव्हा ती म्हणाली, "एक बोलू? बस पाठवलीत, चांगलं केलंत. पण एक पाटी फिरली आणि आमचं सगळं गेलं असतं. आम्हालाच का आणता इकडे? बाकं तिकडे आणा की."

मालकीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आणि बाकं मांडायची कुठे?"

"शाळा आहे ना. आठवीच्या पुढचे वर्ग रिकामेच आहेत."

उस्तादांची नोकरी गेली. निघताना ते पोरांना भेटले नाहीत. ताईच फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली होती. काय बोलली ते तिनं कोणाला सांगितलं नाही. परत आली तेव्हा मात्र पोटभर रडली.

पुढच्या वर्षी आमच्या कंपनीच्या परीक्षेचं एक केंद्र खाणीच्या वसाहतीतल्या शाळेत निघालं. ज्यांना शहरात जमेल त्यांनी शहरात द्यावी, ज्यांना तिकडे जमेल त्यांनी तिकडे. दोन्हीकडे पॅनल एकच. दुसऱ्या वर्षात शिकणारी ताई बाकं मांडून घ्यायला माझ्या बसमधूनच आली होती. रिकामे वर्ग झाडून ठेवलेले, खिडक्यांत गावातल्या आया उभ्या. मुकादमाचा पोरगाही पहिल्या रांगेत बसला होता, आणि मुकादम लांबून आपण जणू सहजच आलो आहोत असं दाखवत उभा होता.

शिट्टी व्हायच्या जरा आधी एक सायकल पांढरी धूळ उडवत आली. त्यावरून उस्तादांचा मुलगा उतरला, घामानं निथळलेला.

"शहरातलं केंद्र घरापासून दोन पावलांवर होतं की," मी म्हटलं. "एवढ्या लांब कशाला आलास?"

"तिथे सगळे बाबांच्या ओळखीचे," तो म्हणाला. "मला इथे द्यायचीय."

ताईनं त्याला बघितलं. क्षणभर दोघंही अवघडले. मग तिनं खिडकीजवळचा बाक दाखवला, जिथे उजेड चांगला होता.

परीक्षा संपता संपता त्याचा दिवा हिरवा झाला. ताई तपासायला गेली. तिनं पॅनल उघडलं, एकेक वायर ओढून बघितली, एकेक नट बोटांनी चाचपला. सगळ्यांना लावला होता तितकाच वेळ लावला, जरा जास्तच.

"पक्कं आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या बाकाकडे वळली.